'बुडनब्रोक्स' कशी वाचावी : एका व्यापारी घराण्याचा जमाखर्च

थॉमस मान यांची 'बुडनब्रोक्स' ही कादंबरी १९०१ साली बर्लिनच्या एस. फिशर या प्रकाशनसंस्थेने दोन खंडांत प्रसिद्ध केली, तेव्हा लेखक ऐन पंचविशीत होता. उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक या बंदराच्या शहरातले एक धान्यव्यापारी घराणे १८३५ ते १८७७ या काळात, चार पिढ्यांच्या अवधीत कसे उतरणीला लागते, एवढीच तिची गोष्ट आहे. आणि ती लेखकाने लपवूनही ठेवलेली नाही, कारण 'एका कुटुंबाचा ऱ्हास' असे उपशीर्षक त्याने पुस्तकाच्या नावाखालीच दिले आहे. शेवट आधी कळला तर रसभंग होईल, ही धास्ती वाचकाने त्यामुळे सुरुवातीलाच सोडून द्यावी. पुढील विवेचनात अगदी शेवटापर्यंतचे प्रसंग येणार आहेत.

ही कादंबरी हाती घेतलेले बरेच वाचक पहिल्या शंभर पानांतच थबकतात. नावे फार आहेत, जेवणावळ संपता संपत नाही आणि काही 'घडत' तर नाही, अशी त्यांची तक्रार असते. माझ्या मते अडचण पुस्तकात नसून वाचण्याच्या पद्धतीत आहे. या घराण्याकडे दोन वह्या आहेत. एक पेढीची खतावणी, जिच्यात प्रत्येक लग्न, मृत्यू आणि भांडण शेवटी आकड्यांच्या रूपाने उतरते. आणि दुसरी सोनेरी कडांची कौटुंबिक वही, जिच्यात तेच प्रसंग ईश्वरी कृपा, परंपरा आणि घराण्याची प्रतिष्ठा यांच्या भाषेत नोंदवले जातात. या दोन वह्या शेजारी-शेजारी उघड्या ठेवून वाचले, की संथ वाटणारी पानेही बोलू लागतात, कारण खरी कादंबरी त्या दोन नोंदींमधल्या अंतरात घडते.

वाचायला बसण्याआधी

इंग्रजीतून वाचणाऱ्यांसमोर प्रामुख्याने दोन भाषांतरे असतात. हेलन लो-पोर्टर यांचे १९२४ सालचे भाषांतर अनेक दशके इंग्रजी वाचकांचे एकमेव साधन होते. जॉन वुड्स यांचे १९९३ साली आले. पहिल्यात जुन्या वळणाची आब आहे, दुसरे आजच्या वाचकाला अधिक मोकळे आणि चपळ वाटते. पहिल्यांदाच वाचणाऱ्याने वुड्स यांचे घ्यावे, असे मी सुचवीन. मात्र कोणत्याही भाषांतरात एक गोष्ट निसटणारच, हे मनाशी धरावे. मूळ पुस्तकात पात्रांची सामाजिक इयत्ता त्यांच्या बोलण्यावरून कळते. थोरले योहान बुडनब्रोक एकाच वाक्यात उत्तरेची बोली आणि फ्रेंच यांची सरमिसळ करतात. त्यांच्या मुलाची भाषा धार्मिक आणि जपून वापरलेली आहे. म्युनिकचा जावई पर्मानेडर तोंड उघडतो तेव्हा दिवाणखान्यातल्या मंडळींना त्याचे निम्मे बोलणे समजतच नाही. म्हणून कोण कोणाशी बोलताना भाषा बदलतो, याकडे लक्ष ठेवावे. मालक मजुराशी बोलीत बोलू लागला, की तेथे काहीतरी सौदा चालू आहे असे समजावे.

एका कागदावर वंशवेल काढून घ्यावी. थोरले योहान, त्यांचा मुलगा योहान, ज्याला घरात फ्रेंच पद्धतीने 'ज्याँ' म्हणतात आणि बाहेर 'कॉन्सुल' म्हणून ओळखतात, त्याची चार मुले थॉमस, टोनी, ख्रिस्तियान व क्लारा, आणि थॉमसचा एकुलता मुलगा हानो. थोरल्यांचा पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगा गोटहोल्ड यालाही बाजूला जागा द्यावी, कारण त्याच्यापासूनच वादाला तोंड फुटते. प्रत्येक नावापुढे थोडी मोकळी जागा सोडावी आणि वाचता वाचता तेथे लिहीत जावे की या व्यक्तीमुळे पेढीत किती आले आणि पेढीतून किती गेले. सवयीने हे काम क्षणात होते, आणि कादंबरी अर्ध्यावर येईपर्यंत त्या कागदावरच घराण्याचे भवितव्य दिसू लागते.

समाजरचनेची थोडी ओळखही आधी हवी. कादंबरीत शहराचे नाव कोठेही घेतलेले नाही, पण रस्त्यांची नावे आणि त्राव्हेम्युंडेचा समुद्रकिनारा यांवरून ते ल्युबेक आहे, याविषयी शंका उरत नाही. ल्युबेक हे स्वतंत्र नगरराज्य होते. तेथे राजा नव्हता, राजदरबार नव्हता. सत्ता सिनेटच्या हाती, आणि सिनेटमध्ये वजन मोठ्या व्यापाऱ्यांचे आणि कायदेपंडितांचे. त्यामुळे इथली सर्वोच्च प्रतिष्ठा जमीनदार सरदारांची नसून धान्य, लाकूड आणि मद्य यांचा व्यवहार करणाऱ्या जुन्या पेढ्यांची आहे. 'कॉन्सुल' ही एखाद्या परक्या राज्याचे प्रतिनिधित्व करण्याची मानाची पदवी. बुडनब्रोकांकडे ती नेदरलँड्सची आहे. तिच्या वर 'सिनेटर'. त्याच्याही वर नगराध्यक्ष, पण त्या पदासाठी कायद्याचे शिक्षण लागते आणि थॉमस तर शाळा सोडून थेट पेढीवर बसलेला. तो कितीही चढला तरी वरची एक पायरी त्याला कायमची बंद आहे, ही गोष्ट कादंबरी मोठा गाजावाजा न करता सांगते.

पहिली मेजवानी घाईने वाचू नये

पहिला भाग म्हणजे १८३५ सालच्या ऑक्टोबरमधली एक दुपार आणि रात्र. बुडनब्रोकांनी मेंगश्ट्रास या रस्त्यावरचे मोठे घर नुकतेच घेतले आहे आणि आप्तेष्टांना जेवायला बोलावले आहे. येथे सगळ्या पाहुण्यांची नावे पाठ करण्याची गरज नाही. त्यांतले बरेच जण पुढे क्वचितच भेटतात. हा भाग दोन बैठकींत वाचावा आणि दोन गोष्टींवर नजर ठेवावी.

पहिली गोष्ट घराच्या आधीच्या मालकांची. १६८२ साली हे घर राटेनकाम्प घराण्याने बांधले होते, ते घराणे बुडाले आणि म्हणून घर विकाऊ झाले. जेवता जेवता पाहुणे त्याविषयी हळहळतात, एका भागीदारावर खापर फोडतात; मात्र ज्याँ बुडनब्रोक म्हणतो की त्या माणसाला भागीदार म्हणून निवडणेही जणू अटळच होते, घराण्याचा काळ भरला होता. कोणी फारसे मनावर घेत नाही. पुढची पाचशे पाने ज्या घराण्याची आहेत, त्याचे भविष्य येथे दुसऱ्याच घराण्याच्या नावावर वाचून दाखवले जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्याँच्या खिशातले पत्र. ते गोटहोल्डचे आहे. त्याने एका दुकानदार घराण्यातल्या मुलीशी, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने खालच्या पायरीवर, लग्न केले म्हणून वडिलांनी त्याला दूर ठेवले आहे, आणि आता तो नव्या घराच्या व्यवहारात आपला वाटा मागतो आहे. सगळी मेजवानी होईपर्यंत ते पत्र खिशातच राहते. पाहुणे गेल्यावर, दिवे मालवता मालवता, बाप-लेक त्यावर बोलतात. ज्याँ अतिशय श्रद्धाळू आहे. घरात अशी भेग असणे बरे नव्हे, देवालाही ते रुचणार नाही, असे त्याला मनापासून वाटते. पण मग तो हिशेब मांडू लागतो. इतके दिले तर पेढीच्या भांडवलात किती तूट येईल, हे बोलता बोलता त्याचा आवाज बदलत जातो आणि शेवटी भागीदार या नात्याने तो वडिलांना सांगतो की पैसे देऊ नयेत. हा प्रसंग दोनदा वाचावा. येथे कोणी दुष्ट नाही, ढोंगीही नाही. धर्म आणि खतावणी दोन्ही प्रामाणिकपणे उघडल्या जातात आणि वजन खतावणीचे भरते. घराण्याच्या मूळ पुरुषाने मुलांसाठी एक उपदेश लिहून ठेवला आहे : दिवसा धंदा आनंदाने करावा, पण रात्री स्वस्थ झोप येईल एवढाच करावा. त्या रात्री ज्याँला झोप कशी लागली असेल, हा विचार वाचकाने स्वतः करायचा आहे.

आकडे कसे वाचावेत

या कादंबरीत रकमा सतत येतात आणि त्या बहुधा 'कुरांट मार्क' या त्या भागातल्या, जर्मनी एकसंध होण्यापूर्वीच्या, चलनात असतात. त्यांचे आजच्या पैशांत रूपांतर करण्याच्या फंदात पडू नये; त्यातून काहीच हाती लागत नाही. एका आकड्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करावी. टोनीच्या पहिल्या लग्नात ८०,००० मार्क हुंडा जातो. थॉमस ॲम्स्टरडॅमच्या गेर्डा आर्नोल्डसेनशी लग्न करतो तेव्हा ३,००,००० मार्क येतात. मुली बाहेर नेतात, सुना आत आणतात, आणि एखाद्या पिढीत हा तोल बिघडला तर कितीही दर्जेदार व्यापार त्याची भरपाई करू शकत नाही. क्लारा रीगाच्या एका पाद्र्याशी लग्न करून लवकर मरते आणि तिचा वारसा आईच्या हळवेपणामुळे, थॉमसला न विचारता, त्या जावयाकडे जातो. थॉमस आणि त्याची आई यांच्यातले ते भांडण वाचताना दुःख कोठे संपते आणि हिशेब कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही.

आकड्यांवर विसंबून राहण्याचे धोकेही मान यांनी याच पद्धतीने दाखवले आहेत. हॅम्बर्गचा व्यापारी बेंडिक्स ग्र्यूनलिख टोनीला मागणी घालतो तेव्हा ज्याँ स्वतः त्याच्या चोपड्या तपासतो, गावात त्याची पत कशी आहे याची चौकशी करतो, आणि सगळीकडून उत्तम अभिप्राय येतात. चोपड्या खोट्या होत्या, आणि अभिप्राय देणारे त्याचे धनको होते; मुलीचा हुंडा आला तरच त्यांचे पैसे वसूल होणार होते. हिशेब वाचण्यात हयात गेलेल्या माणसाची फसवणूक नेमकी हिशेबाच्याच वहीतून व्हावी, यातला उपरोध मान एका शब्दानेही अधोरेखित करत नाहीत. तो वाचकाने टिपायचा.

टोनीला केंद्रस्थानी ठेवावे

समीक्षेत बहुतेकदा थॉमस आणि हानो यांना महत्त्व मिळते : कर्तबगार पण आतून थकलेला बाप आणि संगीतात बुडालेला, जगायला असमर्थ मुलगा. हा मार्ग चुकीचा नाही, पण पहिल्या वाचनात मी तो घेणार नाही. कादंबरी टोनीपासून सुरू होते आणि शेवटच्या प्रकरणातही टोनी हजर आहे. संपत्ती आणि सामाजिक इयत्ता माणसाच्या मनात कशी मुरते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणात दिसत नाही.

१८४५ सालच्या उन्हाळ्यात ग्र्यूनलिखला टाळण्यासाठी तिला त्राव्हेम्युंडेला पाठवतात. तेथे ती बंदरातल्या वाटाड्यांच्या प्रमुखाच्या घरी राहते आणि त्याच्या मुलाच्या, मॉर्टेन श्वार्त्सकोप्फ या वैद्यकाच्या विद्यार्थ्याच्या, प्रेमात पडते. मॉर्टेन उदारमतवादी आहे. सरदारवर्गाच्या विशेषाधिकारांवर तो तिला तावातावाने व्याख्याने देतो. पण किनाऱ्यावर टोनीची शहरातली बडी मंडळी भेटली, की तो तिच्याबरोबर त्यांच्यात जात नाही. तो लांब जाऊन दगडांवर बसतो. पुढे त्या दोघांच्या बोलण्यात 'दगडांवर बसणे' हा एकटे, वगळलेले असण्याचा वाक्प्रचारच होऊन जातो. मॉर्टेनची सगळी व्याख्याने विसरली तरी चालतील. इयत्तांमधली भिंत दाखवायला तो दगडांवर बसलेला मुलगा पुरेसा आहे.

मग टोनी घरी येते, आणि एका सकाळी तिच्या हाती ती सोनेरी कडांची वही लागते. ती आपल्या पूर्वजांच्या नोंदी वाचत जाते : कोण कोठून आले, कोणाचे लग्न केव्हा झाले, कोणत्या आजारातून कोण वाचले. वाचता वाचता तिला वाटू लागते की आपणही या साखळीतला एक दुवा आहोत. ती लेखणी उचलते आणि स्वतःच्या हाताने लिहिते की २२ सप्टेंबर १८४५ रोजी हॅम्बर्गचे व्यापारी बेंडिक्स ग्र्यूनलिख यांच्याशी तिचा वाङ्‌निश्चय झाला. त्या क्षणी तिच्यावर कोणी ओरडत नाही, कोणी हात धरत नाही. एका वहीने तिचे लग्न ठरवले. पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाने या प्रकरणाशी थांबावे आणि स्वतःला विचारावे की हा निर्णय नेमका कोणी घेतला. मला तरी एकच एक उत्तर सापडलेले नाही. वडिलांचा पवित्रा, पाद्र्याचे प्रवचन, आणि आपण कोणीतरी आहोत या जाणिवेची नशा, यांतले काहीही एकटे पुरेसे नव्हते.

ग्र्यूनलिखचे दिवाळे निघते तेव्हा ज्याँ हॅम्बर्गला येतो आणि मुलीला विचारतो की तिचे नवऱ्यावर प्रेम आहे का. असेल तर तो त्याला वाचवायला तयार आहे, पण त्याचा फटका पेढीला बसेल, असे तो सांगतो. 'पेढी' हा शब्द कानी पडताच टोनीचा निश्चय ठरतो. १८५० मध्ये घटस्फोट होतो आणि त्याची नोंदही ती वहीत स्वतःच करते, जवळपास अभिमानाने. दुसऱ्यांदा ती म्युनिकच्या पर्मानेडरशी लग्न करते. हा गृहस्थ हुंडा हाती येताच धंद्यातून अंग काढून व्याजावर आरामात राहू लागतो. तो एके रात्री स्वयंपाकिणीच्या अंगाशी झोंबताना सापडतो आणि वर बायकोला एक अर्वाच्य शब्द ऐकवतो. टोनीला त्या झोंबाझोंबीपेक्षा तो शब्द लागतो, आणि त्याहूनही खोल सल असा, की म्युनिकमध्ये बुडनब्रोक म्हणजे कोण हे कोणालाच माहीत नाही. दोन लग्ने मोडली, पुढे मुलीचा नवराही तुरुंगात गेला, तरी टोनीचा घराण्यावरचा विश्वास तसूभरही कमी होत नाही. तिला हसावे की तिच्यापुढे मान तुकवावी, हे मान वाचकाला ठरवू देत नाहीत.

पेन्सिल हाती ठेवावी

मान यांची एक सवय ओळखली की वाचन फार सोपे होते. पात्राला ते एखादा छोटा तपशील बहाल करतात आणि तो शेकडो पाने सोबत नेतात. मॉर्टेनने कधी काळी टोनीला सांगितलेले असते की पोळ्यातला मध हा निसर्गाचा शुद्ध पदार्थ आहे, आपण काय गिळतो ते तरी कळते. पन्नाशीकडे झुकलेली टोनी न्याहारीच्या टेबलावर अजून तेच वाक्य बोलते. मॉर्टेनचे नाव येत नाही; त्याची गरजही नसते. पहिल्याच भागात लहानग्या थॉमसचे दात चांगले नाहीत, असा ओझरता उल्लेख आहे. चाळीस वर्षांनंतर एक दात काढताना मोडतो आणि दवाखान्यातून घरी परतताना सिनेटर थॉमस बुडनब्रोक रस्त्यावर तोंडघशी पडतो, स्वच्छतेचा आणि टापटिपीचा ज्याने आयुष्यभर ध्यास घेतला तो माणूस चिखलात. ख्रिस्तियान लहानपणी जेवताना पीचची बी गिळल्याची कल्पना करून घाबरतो. मोठेपणी डाव्या अंगातल्या सगळ्या नसा आखूड असल्याचे तो येईल त्याला ऐकवतो. अशा खुणा समासात नोंदवत गेल्यास पुढे त्या भेटतात तेव्हा ओळख पटते. गेर्डा आणि हानो यांच्या डोळ्यांभोवतीच्या निळसर छटाही त्यांतच धराव्यात.

उंबरठ्याबाहेरची माणसे

कथा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून सांगितलेली असल्यामुळे बाहेरची माणसे डोकावण्यापुरतीच येतात, आणि तेवढ्यासाठी ती अधिक काळजीने वाचावी लागतात. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत मजूर सभागृहाबाहेर जमतात. ज्याँ बाहेर येतो आणि कोर्ल स्मोल्ट या मजुराला त्याच्याच बोलीत विचारतो की तुम्हांला हवे तरी काय. प्रजासत्ताक हवे, असे उत्तर येते. ते तर आपल्याकडे आहेच, असे ज्याँ सांगतो. त्यावर स्मोल्ट म्हणतो की मग आम्हांला आणखी एक हवे. जमाव हसतो आणि पांगतो. प्रसंग विनोदी आहे खरा, पण सगळा विनोद मालकाच्या बाजूने सांगितलेला आहे, हे विसरू नये. स्मोल्टला शब्द सापडले नाहीत म्हणजे त्याला गरज नव्हती, असे होत नाही. त्याच संध्याकाळी ज्याँचे सासरे, ऐटबाज लेब्रेख्त क्र्यॉगर, गाडीतून घरी जाताना प्राण सोडतात. गर्दीने दाखवलेला अनादर त्यांना सोसवत नाही.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. तरुण थॉमसचे फुलांच्या दुकानातल्या आन्ना या मुलीवर प्रेम असते. ॲम्स्टरडॅमला जाण्यापूर्वी तो तिचा निरोप घेतो आणि स्वतःला स्वस्त होऊ देऊ नकोस, असा सल्लाही देतो. पुढे भाऊ ख्रिस्तियान आलीने पुफोगेल या साध्या घरच्या स्त्रीशी लग्न करू पाहतो तेव्हा थॉमस ते होऊ देत नाही. आपण जी किंमत मोजली ती दुसऱ्याने चुकवावी, हे त्याला सहन होत नाही. थॉमसचे शव घरात ठेवलेले असताना आन्ना दारात येते, आता दुसऱ्याची पत्नी आणि गरोदर, आणि एकदा पाहू द्या म्हणून विनवते. मान या भेटीला फार थोडी जागा देतात.

हागेनस्ट्रोम कुटुंबाविषयी सावध राहावे. हे नव्याने वर आलेले, खुल्या हाताने खर्च करणारे, परंपरेचे ओझे नसलेले प्रतिस्पर्धी. शेवटी मेंगश्ट्रासचे घरही तेच विकत घेतात. टोनीच्या नजरेतून ते उपटसुंभ दिसतात, आणि घरातल्या सुनेच्या ज्यू मूळाविषयीची कुजबुज त्या नजरेत मिसळलेली आहे. लेखक या पूर्वग्रहापासून पुरेसे अंतर राखतो का, याविषयी मतभेद होऊ शकतात. माझ्या मते सर्वत्र राखत नाही. पण कथा बारकाईने पाहिली तर हेर्मान हागेनस्ट्रोम काहीच गैर करत नाही. राटेनकाम्पांच्या घरात बुडनब्रोक जसे आले, तसाच तो बुडनब्रोकांच्या घरात येतो.

थॉमसचे शिखर आणि शेवटचे भाग

सातव्या भागात थॉमस सिनेटर होतो आणि नवे, भपकेबाज घर बांधतो. सगळे काही मनासारखे झाले असताना तो टोनीला सांगतो की यशाची बाहेरची चिन्हे उशिरा येतात. एखादा तारा सर्वांत तेजाने चमकताना दिसतो तेव्हा तो कदाचित कधीच विझलेलाही असेल. कादंबरीच्या मध्यावर आलेले हे संभाषण तिची किल्ली आहे, आणि कोठे रेंगाळायचे असेल तर येथे.

त्यानंतरचा पोपेनराडचा व्यवहार खतावणीच्या अंगाने वाचावा. अडचणीत आलेल्या एका सरदाराचे पीक उभ्या शेतात, कापणीआधीच, पडत्या भावाने घ्यावे, असे टोनी सुचवते. थॉमस आधी चिडतो : असा अडलेल्याला नाडणारा धंदा या पेढीने कधी केला नाही. मग आपण मागे पडत चाललो आहोत या भीतीने तो तोच सौदा करतो. ७ जुलै १८६८ रोजी, पेढीच्या शताब्दीच्या समारंभात, घर पाहुण्यांनी आणि वाद्यांनी भरलेले असताना तार येते की गारपिटीने पीक झोपले. रात्री स्वस्थ झोप देणाराच धंदा करावा, या उपदेशाचा भंग झाला आणि दंडही वसूल झाला. रकमेने पेढी काही बुडत नाही. थॉमसचा स्वतःवरचा विश्वास बुडतो.

दहाव्या भागात थॉमस बागेत बसून एका तत्त्वचिंतकाचे मृत्यूविषयीचे प्रकरण वाचतो आणि एका रात्रीपुरता मुक्त होतो. तो ग्रंथ शोपेनहाउअर यांचा आहे, हे जाणकार ओळखतात. कादंबरीत नाव नाही. तत्त्वज्ञानाची आवड असलेले वाचक या पानांवरच कादंबरीचा अर्थ उभा करतात. मला ते पटत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी थॉमसला आपल्या त्या उत्कटतेची लाज वाटते, तो पुन्हा सभांना आणि कागदांना लागतो, आणि ते पुस्तक तो पुन्हा हाती घेत नाही.

त्याआधीच कौटुंबिक वहीत लहान हानो पट्टी लावून आपल्या नावाखाली सुबक दुहेरी रेघ ओढून बसलेला असतो. बाप संतापून जाब विचारतो तेव्हा तो चाचरत म्हणतो की आता यापुढे काही येणार नाही, असे वाटले. खतावणीत हिशेब मिटवतात तशीच ती रेघ आहे. दोन वह्या येथे प्रथमच एकसारख्या दिसतात.

अकरावा भाग तसा छोटाच आहे, पण त्यातले हानोच्या शाळेच्या एका दिवसाचे प्रकरण फार लांबते. ते एका दमात वाचावे. त्याचा कंटाळा आणि दहशत हीच त्याची रचना आहे. त्याच्या लगेच पुढे विषमज्वराचे एक छोटे प्रकरण येते, वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकासारखे कोरडे. त्यात हानोचे नाव नाही. वाचक गोंधळून मागे पाने उलटतो, आणि लेखकाला तेच हवे असते. मृत्यूचे वर्णन न करता मृत्यू सांगण्याची ही रीत ज्यांना पहिल्या वाचनात रुक्ष वाटेल, त्यांनी ते प्रकरण एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

लेखकाच्या घरची हकिकत

मान यांचे वडीलही ल्युबेकचे सिनेटर आणि धान्यव्यापारी होते. १८९१ साली ते वारले आणि मृत्युपत्राप्रमाणे पेढी बंद करण्यात आली. मेंगश्ट्रास ४ हे घर लेखकाच्या आजी-आजोबांचे. १९४२ च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात ते जळाले, दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. पुस्तक निघाल्यावर शहरात कोणते पात्र म्हणजे कोण, याच्या याद्या फिरू लागल्या, आणि १९१३ साली लेखकाच्या एका चुलत्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन आपली नाराजी नोंदवली. ही माहिती मनोरंजक आहे, पण पहिल्या वाचनात ती बाजूला ठेवावी. पात्रामागचा खरा माणूस शोधू लागले, की पात्र हातातून निसटते. प्रकाशक फिशर यांनी हस्तलिखित निम्म्याने कमी करण्याची सूचना केली होती आणि मान यांनी ती नाकारली, ही गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. कोठे लांबण लागली असे वाटेल तेथे ती लेखकाने विचारपूर्वक राखलेली आहे, एवढे समजून घेण्यासाठी. १९०३ साली एकखंडी, स्वस्त आवृत्ती आल्यानंतर पुस्तकाचा खप वाढला, आणि १९२९ चे नोबेल पारितोषिक मुख्यतः याच कादंबरीसाठी दिल्याचे मानपत्रात म्हटलेले आहे.

वेगाविषयी एक सूचना उरते. अकरा भाग आहेत आणि आठवड्याला एक भाग हा बेताचा वेग आहे, कारण मधले दिवस नावे मनात मुरायला उपयोगी पडतात. एकामागून एक भाग संपवत गेल्यास मृत्यू फार भराभर येतात आणि मग ते मोजले जातात, जाणवत नाहीत. वंशवेलीच्या कागदावरचे आकडे प्रत्येक भागानंतर एकदा चाळावेत. दुसऱ्यांदा वाचायचे झाल्यास सातव्या भागापासून सुरुवात केली तरी चालते, मात्र तेव्हा पहिल्या भागातली गोटहोल्डच्या पत्राची रात्र आधी पुन्हा वाचून घ्यावी.